जुन्या जीपला नवे डोके

माणसाचे डोके बदलता येत नाही, इंजिनाचे मात्र बदलता येते. मोटार दुरुस्त करणारे मेस्त्री ज्याला 'हेड' म्हणतात, ते म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवर घट्ट आवळून बसवलेले जाड झाकण. जुन्या गाडीचे हेड तडकले किंवा वाकले की ते काढून दुसरे बसवतात. पण दुसरे म्हणजे कोणते? एकाच गाडीची दोन-तीन प्रकारची हेडे बाजारात मिळतात, वरवर पाहता ती सारखीच दिसतात, आणि विकणारा प्रत्येक हेड उत्तम असल्याचेच सांगतो. अशा वेळी निवड कशी करावी?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही म्हणाल की हा प्रश्न मेस्त्रीचा आहे, आमचा नव्हे. परंतु या प्रश्नाच्या उत्तराला लागणारे बरेचसे विज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकांत आहे. आणि लागणारे सर्वांत उपयोगी उपकरण तुमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात उभे आहे. ते उपकरण म्हणजे ब्युरेट. ब्युरेटचा आणि मोटारीचा काय संबंध, ते आता पाहू या.

उदाहरणासाठी आपण जीप घेऊ. आपल्या केज तालुक्यातील कोणाही वृद्ध माणसाला विचारा. त्यांच्या तरुणपणी गावात मोटार आली म्हणजे ती बहुधा जीपच असे. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, तेव्हा अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांना जीप लागे. १९७२च्या दुष्काळात कामांची पाहणी करायला जीप येई. निवडणुकीत कर्णे बांधून हीच जीप गल्लोगल्ली फिरे. मूळची ही अमेरिकेतील विलीज कंपनीची गाडी. १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने मुंबईत माझगावला तिची जुळणी सुरू केली. पुढे डिझेल इंजिने आली आणि पेट्रोलवर चालणाऱ्या जीपा मागे पडल्या. तरीही काही घरांच्या गोठ्याशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये त्या अजून उभ्या आहेत. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी असे त्या घरातल्या एखाद्या मुलाला वाटते, आणि मग बहुतेक वेळा पहिला अडसर येतो तो हेडचा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. हेड बदलून मिळते, पण ज्यावर ते बसते तो ब्लॉक सहजासहजी मिळत नाही. चुकीच्या हेडने ब्लॉक किंवा दट्ट्या खराब झाला, तर जीप कायमची गोठ्याशेजारी राहील. म्हणून निवड विचारपूर्वक करायला हवी.

एका इंजिनाची दोन डोकी

जीपच्या इंजिनाचा इतिहास हेडचे महत्त्व फार छान समजावतो. दुसऱ्या महायुद्धातील जीपच्या इंजिनाचे टोपणनाव होते 'गो डेव्हिल'. बार्नी रूस या अभियंत्याने विलीजच्या जुन्या ४८ अश्वशक्तीच्या इंजिनात सुधारणा करून ते ६० अश्वशक्तीचे केले होते. त्याच्या सिलिंडरचा व्यास ७९.४ मि.मी. आणि दट्ट्याची धाव १११.१ मि.मी. होती. मिश्रण आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी, अशा दोन्ही झडपा सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच होत्या. हेड म्हणजे नुसते झाकण. त्यात ठिणगी प्लगची भोके आणि पाणी खेळण्याच्या वाटा एवढेच.

त्यानंतर आले 'हरिकेन' इंजिन. १९५३ साली निघालेल्या सीजे-३बी या जीपमध्ये ते होते, आणि आपल्या देशातील पेट्रोल जीपांत अनेक वर्षे तेच वापरले गेले. आता गंमत पाहा. याही इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७९.४ मि.मी. आणि धाव १११.१ मि.मी. म्हणजे तितकीच! मुख्य फरक वरच्या बाजूला होता. आत घेणारी झडप ब्लॉकमधून उचलून हेडमध्ये नेली होती. धूर सोडणारी झडप होती तिथेच, ब्लॉकमध्ये राहिली. हेड उंच झाले, म्हणून जीपचे बॉनेटही उंच करावे लागले. आणि शक्ती? ६० अश्वशक्तीची झाली ७२!

सिलिंडर तेवढेच, दट्ट्याची धाव तेवढीच, तरी शक्ती पाचव्या हिश्शाने वाढली. ही कशी वाढली, हे समजले की हेड निवडताना काय पाहायचे तेही समजेल.

दीड चमच्याचे अंतर

दट्ट्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जाताना जेवढी जागा झाडून घेतो, तिला धावेचे आकारमान म्हणू. जीपसाठी ते काढू या. सिलिंडरच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ४९.५ चौ.सें.मी. आणि धाव ११.११ सें.मी. त्यांचा गुणाकार ५५० घ.सें.मी. अशी चार सिलिंडरे, म्हणून इंजिन २२०० घ.सें.मी.चे.

दट्ट्या अगदी वर पोचला तरी त्याच्या डोक्यावर थोडी पोकळी शिल्लक राहते. तिला ज्वलनकक्ष म्हणतात. मिश्रण याच पोकळीत दाबले जाते आणि येथेच ठिणगी पडते. एकूण आकारमानाला या पोकळीच्या आकारमानाने भागले की जो अंक येतो, तो संपीडन गुणोत्तर. म्हणजेच आत आलेले मिश्रण कितीपट लहान जागेत कोंबले गेले ते.

हरिकेन इंजिनाची हेडे एकाहून अधिक संपीडन गुणोत्तरांची मिळत. त्यांपैकी एक ६.९चे आणि दुसरे ७.४चे होते. आता बीजगणित वापरा. पोकळीचे आकारमान क मानले, तर ५५० भागिले क, अधिक १, बरोबर संपीडन गुणोत्तर. यावरून ६.९ साठी पोकळी येते ९३.२ घ.सें.मी. आणि ७.४ साठी ८५.९ घ.सें.मी. दोहोंत अंतर केवळ ७.३ घ.सें.मी.! औषधाचा छोटा चमचा ५ घ.सें.मी.चा असतो. म्हणजे दोन वेगळ्या हेडांत फरक आहे तो दीड चमचा औषधाएवढा. डोळ्यांनी पाहून हा फरक कोणाला कळणार? दुकानदारालाही कळत नाही आणि मुरलेल्या मेस्त्रीलाही कळत नाही.

संपीडन वाढवल्याने लाभ काय? मिश्रण जितके दाबून पेटवावे, तितके तापलेल्या वायूला पुढे अधिक प्रसरण पावता येते आणि उष्णतेचा अधिक भाग कामी येतो. आदर्श इंजिनाच्या सूत्रावरून हिशेब केला तर कार्यक्षमता ६.९ ला ५३.८ टक्के आणि ७.४ ला ५५.१ टक्के येते. प्रत्यक्ष इंजिनाची कार्यक्षमता याच्या निम्मीही नसते, पण दोहोंची तुलना करायला हे आकडे पुरेसे आहेत. ५५.१ला ५३.८ने भागा. वाढ झाली सुमारे अडीच टक्के. ७२ अश्वशक्तीत अडीच टक्के म्हणजे पावणेदोन अश्वशक्ती. लाभ आहे, पण तो केवढा आहे हेही पाहून ठेवा.

उन्हाळ्याचा हिशेब

सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तळाशी गरम होतो, हे तुम्ही अनुभवले आहे. वायू झटकन दाबला की तापतो. जीपच्या सिलिंडरातही तेच घडते. आत येणारे मिश्रण ३७ अंश सेल्सिअसचे, म्हणजे निरपेक्ष मापात ३१० अंशांचे आहे असे धरू. उष्णता बाहेर निसटली नाही, तर ६.९पट दाबल्यावर ते सुमारे ३९८ अंश सेल्सिअसपर्यंत तापेल, आणि ७.४पट दाबल्यावर ४१७ अंशांपर्यंत.

ठिणगी पडल्यावर ज्वाला एका बाजूने पसरू लागते. तिच्या पुढचे, अजून न पेटलेले मिश्रण आणखी दाबले जाते आणि आणखी तापते. ते फार तापले तर ज्वालेची वाट न पाहता एकदम भडकते. मग इंजिनातून खडखड असा ठोका ऐकू येतो. चढावर, भरल्या गाडीत, इंजिन संथ फिरत असताना हा ठोका हमखास येतो. मेस्त्री म्हणतात, 'गाडी नॉकिंग करते.' असे ठोके सतत पडू दिले तर दट्ट्याला भोक पडते, हेडचे गॅस्केट जळते, आणि ज्याला जपायचे तो ब्लॉकही धोक्यात येतो.

आता आपल्या गावचा विचार करा. मे महिन्यात केजला पारा चाळिशीच्या वर जातो. वरच्या हिशेबात, आत येणारी हवा एका अंशाने तापली तर दाबल्यानंतरचे तापमान दोन अंशांहून अधिक वाढते. म्हणून संपीडन ६.९ चे ७.४ करणे म्हणजे हवा सुमारे ९ अंशांनी तापल्यासारखेच आहे. जानेवारीत गोडीने चालणारी जीप मे महिन्यात का ठोकते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

उंचीचा परिणाम उलटा होतो. केज समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. येथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे ७ टक्के कमी असतो. साडेतीन हजार मीटरवरील लेहला तो एक तृतीयांशाने कमी होतो. विरळ हवा अधिक दाबली तरी चालते. जास्त संपीडनाची हेडे डोंगराळ प्रदेशासाठी का सुचवत, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

राहिले पेट्रोल. पेट्रोलची ठोका न देता दाब सोसण्याची क्षमता ऑक्टेन अंकाने सांगतात. महायुद्धाच्या काळातील जीप हलक्या पेट्रोलवर चालावी म्हणून तिचे संपीडन गुणोत्तर केवळ ६.४८ ठेवले होते. आज आपल्या पंपांवरच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ९१ किंवा त्याहून अधिक असतो, म्हणून ७.४ला ते सहज पुरते. मात्र ऑक्टेन अंक म्हणजे शक्ती नव्हे. ६.९च्या हेडला महागडे पेट्रोल पाजले तरी ते अधिक जोर लावणार नाही.

इंजिनाचा श्वास

आता मागे वळून ६० आणि ७२ या आकड्यांकडे पाहा. संपीडन ६.४८ वरून अगदी ७.४ पर्यंत नेले असे धरले, तरी सूत्राप्रमाणे वाढ ५ टक्क्यांच्या आत येते. म्हणजे ६० चे झाले ६३. उरलेली ९ अश्वशक्ती कोठून आली?

ती आली श्वासातून. मिश्रण जितके जास्त आत येईल, तितके जास्त जळेल. दोन्ही झडपा ब्लॉकमध्ये शेजारी शेजारी असताना दोघींना अंग चोरून बसावे लागे. आत घेणारी झडप वर हेडमध्ये गेली आणि तिला ऐसपैस जागा मिळाली. झडपेचा व्यास केवळ सव्वापट केला तर तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक होते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाबरोबर वाढते. शिवाय मिश्रणाची वाटही सरळ झाली. कार्ब्युरेटर वगैरे इतर सुधारणांचाही त्यात वाटा होता, पण मोठा वाटा श्वासाचा.

ज्वलनकक्षाचा आकारही महत्त्वाचा. ब्रिटिश अभियंते हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर दाखवून दिले की हेडचा काही भाग दट्ट्याच्या अगदी जवळ आणला, तर मिश्रण तेथून जोराने बाजूला ढकलले जाते, घुसळते आणि लवकर जळते. लवकर जळाले की ठोक्याला वेळच उरत नाही. म्हणजे पोकळीचे आकारमान तेच असले, तरी आकार बदलल्याने इंजिन सुधारते किंवा बिघडते.

मडके, खडू आणि पट्टी

हेड बहुधा दोन धातूंचे असते. एक ओतीव लोखंड, ज्याला मराठीत बीड म्हणतात. आपल्या जिल्ह्याचे नाव आणि या धातूचे नाव सारखे, एवढीच गंमत. दुसरा धातू ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. मोटारसायकलींची हेडे त्याची असतात. तो हलका असतो आणि बिडापेक्षा सुमारे तिप्पट वेगाने उष्णता वाहून नेतो. परंतु तापल्यावर तो बिडाच्या दुप्पट प्रसरण पावतो. अर्धा मीटर लांबीची पट्टी ७० अंशांनी तापली तर बिडाची ०.४ मि.मी. वाढते आणि ॲल्युमिनियमची ०.८ मि.मी. खाली बिडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचे हेड असेल, तर प्रत्येक तापण्या-थंडावण्याबरोबर दोघांमधले गॅस्केट घासले जाते. इंजिनात पाणी कमी पडून असे हेड एकदा फार तापले की ते वाकते. हरिकेनचे मूळ हेड बिडाचे. ते जड आहे, पण ब्लॉकबरोबर सारखेच प्रसरण पावते.

बिडाचा शत्रू म्हणजे तडा. तडा ओळखण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. पहिली रीत तुमच्या आजीला ठाऊक आहे. बाजारात मडके घेताना ती बोटाने टिचकी मारून पाहते. हेडही लाकडी ठोकळ्यावर ठेवून लहान हातोडीने हलके ठोकावे. धड असेल तर घंटेसारखा खणखणीत नाद येतो. तडा असेल तर नाद बद्द येतो, कारण तड्याच्या कडा एकमेकींवर घासून कंपने लगेच विरतात.

दुसरी रीत अधिक नेमकी. हेड स्वच्छ धुऊन वाळवावे, त्यावर पातळ डिझेल चोळावे आणि थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावे. मग खडूची बारीक पूड भुरभुरावी. तडा असेल तर केशाकर्षणाने आत शिरलेले डिझेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. झडपेच्या बैठकीभोवती आणि पाण्याच्या वाटांजवळ विशेष पाहावे. आतल्या बाजूचे तडे मात्र या रीतीने सापडत नाहीत. त्यासाठी चांगल्या वर्कशॉपमध्ये पाण्याच्या वाटा बंद करून दाब देऊन तपासणी करतात.

त्यानंतर सपाटपणा. पोलादी सरळ पट्टी हेडच्या तळावर उभी, आडवी आणि तिरपी धरावी आणि तिच्याखाली फीलर गेजची पात सरकते का ते पाहावे. हेड वाकले असेल तर यंत्रावर थर काढून तळ सपाट करतात. मेस्त्री याला 'हेड फेस करणे' म्हणतात. पण प्रत्येक फेसबरोबर पोकळी लहान होते. पोकळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ ६० चौ.सें.मी. आहे असे समजा. अर्धा मि.मी. थर काढला की ३ घ.सें.मी. पोकळी गेली. जुन्या हेडला आजवर किती वेळा फेस केले असेल, हे त्याच्या तोंडावर लिहिलेले नसते. ते वाचायला ब्युरेट लागते.

ब्युरेटची साक्ष

हेड उलटे ठेवा. झडप आणि ठिणगी प्लग जागेवर बसवा, म्हणजे पोकळीला गळती राहणार नाही. पाणसळ वापरून तळ आडव्या पातळीत आणा. पोकळीच्या कडेला ग्रीसचा पातळ लेप लावा आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिकची जाड, सपाट तबकडी दाबून बसवा. तबकडीला एक लहान भोक असावे. आता ५० घ.सें.मी.च्या ब्युरेटमध्ये रंगीत पाणी भरून ते भोकातून हळूहळू सोडा. शेवटचा बुडबुडा निघून गेला की वाचन घ्या. एकदा भरलेली ब्युरेट पुरली नाही तर पुन्हा भरा आणि दोन्ही वाचनांची बेरीज करा. काम झाल्यावर हेड पुसून तेल लावून ठेवा, नाहीतर गंजेल. या कामासाठी पेट्रोल मुळीच वापरू नका. त्याची वाफ दुरूनही पेट घेते.

येथे एक अडचण आहे. हरिकेनची सगळी पोकळी हेडमध्ये नसते. धूर सोडणारी झडप ब्लॉकमध्ये असल्याने तिच्यावरची थोडी जागा ब्लॉकच्या बाजूला जाते. गॅस्केटच्या जाडीचीही थोडी भर पडते. मग हेडवरून संपीडन कसे काढणार? उत्तर सोपे आहे: फरक मोजा. ब्लॉक आणि गॅस्केट तेच राहणार असतील, तर जुन्या आणि नव्या हेडमधील फरक तोच संपूर्ण पोकळीतील फरक.

तीन हेडे, एक निवड

आता एक उदाहरण सोडवू. एका जीपचे मूळ हेड, त्याला 'अ' म्हणू, तडकले आहे. तडा पाण्याच्या वाटेपर्यंत गेला आहे. त्याच्या चारही कोपऱ्यांची जाडी दुरुस्ती-पुस्तकातील मापाशी जुळते. म्हणजे त्याला कधी फेस केलेले नाही आणि त्याचे गुणोत्तर ६.९ धरता येते. पुण्या-मुंबईच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून 'ब' हे वापरलेले हेड स्वस्तात मिळते आहे. 'क' हे नवे, चकचकीत, ७.४ गुणोत्तराचे, किंमत बरीच जास्त. पैसे मोजून-मापून आहेत. काय कराल?

'ब' ठोकून पाहिले, नाद खणखणीत. खडूची रेघ नाही. पट्टीखाली फीलर गेज सरकत नाही. मेस्त्री म्हणतो, घ्या आणि बसवा. आता ब्युरेट आणा. 'अ'च्या तुलनेत 'ब'ची पहिली पोकळी ३ घ.सें.मी.ने लहान भरते, दुसरी ४ ने, तिसरी ५ ने आणि चौथी ६ ने. मूळच्या ९३.२ मधून हे वजा करून गुणोत्तरे काढा. ती येतील अनुक्रमे ७.१०, ७.१७, ७.२४ आणि ७.३१.

हे आकडे काय सांगतात? पहिले असे की मूळ ६.९चे म्हणून विकले जाणारे हे हेड आता ६.९चे राहिलेले नाही. दुसरे अधिक महत्त्वाचे. कोणीतरी त्याला फेस करताना यंत्रावर तिरके बसवले होते. तळ सपाट आहे, पण तिरका सपाट आहे! सरळ पट्टी हा दोष दाखवू शकत नाही. तिला सपाट आणि तिरका-सपाट यांतला भेद कळत नाही. चार सिलिंडरांना चार गुणोत्तरे मिळाली तर ते सारखा जोर लावणार नाहीत, आणि उन्हाळ्यात चौथा सिलिंडर इतरांच्या आधी ठोकू लागेल.

म्हणून 'ब' टाकून द्यायचे का? नाही. वर्कशॉपमध्ये हेडच्या वरच्या बाजूचा आधार धरून तळ पुन्हा समांतर करून घ्यावा. पहिल्या बाजूचा थर जास्त निघेल, चौथ्या बाजूचा जवळजवळ नाही. मग चारही पोकळ्या सुमारे ८७.२ घ.सें.मी.च्या होतील आणि गुणोत्तर ७.३च्या आसपास एकसारखे येईल. ते ७.४च्या आत आहे. आजच्या पेट्रोलला आणि आपल्या उन्हाळ्याला चालण्याजोगे आहे. मात्र हेड खाली आले की धूर सोडणारी झडप वर उघडताना त्याला टेकत नाही ना, हे पाहायला हवे. झडपेवर मातीची मऊ गोळी ठेवून हेड हाताने आवळावे, इंजिन हातानेच दोन फेरे सावकाश फिरवावे आणि हेड काढून दबलेल्या गोळीची जाडी मोजावी.

आणि 'क'? पैसे असतील तर तेही चांगले. पण केवळ चकाकीवर किंवा ७.४ या आकड्यावर जाऊ नये. त्याच्याही चारही पोकळ्या मोजाव्यात, आत येणाऱ्या वाटेत बोट फिरवून ओतकामाचे खडबडीत उंचवटे पाहावेत, झडपांच्या बैठका नीट आहेत का ते तपासावे. लक्षात ठेवा, ६.९ सोडून ७.४ घेण्याने मिळणार आहेत पावणेदोन अश्वशक्ती. तेवढ्यासाठी ब्लॉक धोक्यात घालण्यात शहाणपण नाही.

तडकलेले 'अ' भंगारात देऊ नका. त्याच्याशी तुलना केली म्हणून तर 'ब'चा दोष सापडला. ते यापुढे मोजण्याचे माप म्हणून कामाला येईल.

आणखी दोन गोष्टी. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. पूर्वीच्या पेट्रोलमधील शिसे झडपांच्या बैठकांवर संरक्षक थर देई. आरोग्याला ते घातक होते म्हणून गेले हे योग्यच झाले, पण जुन्या इंजिनांच्या मऊ बैठका आता लवकर झिजतात. हरिकेनची धुराची झडप ब्लॉकमध्ये आहे, तेव्हा नव्या हेडच्या आनंदात ब्लॉकमधील ही बैठक तपासायला विसरू नये. तसेच आजच्या पेट्रोलमध्ये उसापासून आणि धान्यापासून केलेले इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने खराब होतो. ते बदलून घ्यावेत.

आवळण्याचे शास्त्र

निवड झाली, आता बसवणे. स्फोटाच्या क्षणी दाब दर चौ.सें.मी.ला ३० किलोग्रॅम धरला, तर ४९.५ चौ.सें.मी. क्षेत्रावर सुमारे १,५०० किलोग्रॅम भार येतो. म्हणजे १५ क्विंटल सोयाबीनची पोती खालून हेडला उचलू पाहतात. आणि इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हे मिनिटाला १,००० वेळा घडते. म्हणून बोल्ट अंदाजाने आवळून चालत नाही. टॉर्क पाना वापरून, पुस्तकात दिलेल्या मापाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. सुरुवात मधल्या बोल्टपासून करून दोन्ही टोकांकडे जावे. वहीला कव्हर चिकटवताना तुम्ही मधून कडांकडे हात फिरवता, म्हणजे सुरकुती राहत नाही. गॅस्केटचेही तसेच आहे.

करून पाहा

शिक्षकांनी जवळच्या गॅरेजमधून मोटारसायकलचे टाकाऊ हेड मागून आणावे. ते प्रयोगशाळेत स्वच्छ करून विद्यार्थ्यांनी ब्युरेटने त्याची पोकळी तीन वेळा मोजावी आणि सरासरी काढावी. तीन वाचनांत जास्तीत जास्त किती फरक पडला, तोही लिहून ठेवावा. कारण मोजमापातील आपली अचूकता ठाऊक नसेल, तर दोन हेडांमधील फरक खरा की आपल्या हाताचा, हे सांगता येणार नाही.

आणि हे गणित घरी सोडवा. एका सिलिंडरच्या मोटारसायकलचा व्यास ५० मि.मी., धाव ४९.५ मि.मी. आणि संपीडन गुणोत्तर ९ आहे. तिची संपूर्ण पोकळी किती? हेडचा थर काढताना चुकून १ घ.सें.मी. पोकळी जास्त गेली, तर गुणोत्तर किती होईल? जीपच्या पोकळीतून १ घ.सें.मी. गेला तर जेवढा फरक पडतो, त्याच्याशी या उत्तराची तुलना करा. लहान इंजिनाला लहान चूकही का भोवते, ते तुमचे तुम्हालाच सापडेल. मग ते उत्तर गॅरेजमधल्या मेस्त्रीला समजावून सांगा, आणि हातोडीच्या टिचकीवरून हेड कसे ओळखायचे ते त्याच्याकडून शिकून घ्या.